सुटीतील सहल : मुलांना आपली भूमी दाखवू या

पाऊस ओसरतो, भाताची कापणी उरकते आणि दिवाळीची सुटी येते. मुले घरी असतात, थोरांनाही दोन दिवसांची सवड मिळते आणि कुठेतरी जाऊन यावे, अशी इच्छा प्रत्येक कुटुंबात उत्पन्न होते. परंतु सहल म्हटली की दूरचा प्रवास, निवासाचा खर्च आणि मोठी तयारी असा आपला समज झालेला असल्यामुळे अनेक कुटुंबांत हा बेत बोलण्यापुरताच राहतो. वास्तविक गोव्यासारख्या 3,702 चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या राज्यात पेडण्याहून निघून काणकोण पाहून त्याच दिवशी घरी परतणे शक्य आहे. येथे मुक्कामाचा प्रश्न उद्भवत नाही. भाकरी किंवा पोळी-भाजीचा डबा, पिण्याचे पाणी आणि बसभाडे एवढ्या साधनांवर उत्तम सहल होऊ शकते.

देशोदेशीचे प्रवासी ही भूमी पाहण्यासाठी येतात. पण याच भूमीत वाढलेल्या किती मुलांनी मानशीचे दार भरतीच्या पाण्याने आपोआप मिटताना पाहिले आहे? आपल्या घराचा चिरा कोणत्या खाणीतून निघाला आणि सात-आठशे वर्षांपूर्वीच्या मंदिराचा काळा पाषाण त्याहून वेगळा का, हे किती मुलांना सांगता येईल? बांध, देवराई, जुने शिलालेख आणि झरे यांचे रक्षण उद्या याच मुलांना करावयाचे आहे. जे कधी पाहिले नाही त्याच्याविषयी आपुलकी वाटत नाही. आणि आपुलकी नसेल तर रक्षणासाठी कोणी पुढे येत नाही. कौटुंबिक सहलीचे महत्त्व या दृष्टीने जाणून घेतले पाहिजे. नमुन्यादाखल चार ठिकाणांचा येथे विचार करू.

खाजन : भरती-ओहोटीची शाळा

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. फेरीबोटीतून उतरल्यावर जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. खारफुटीच्या या वनात चिखलातून वर आलेली टोकदार मुळे मुलांना दाखवावीत. चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडे मुळे वर काढून श्वास घेतात. खंड्या, बगळे आणि चिखलावर उड्या मारणारे मासे यांची ओळख मुले लवकर करून घेतात. त्यांना फक्त वेळ आणि शांतता हवी असते.

चोडण, दिवाडी आणि मांडवी-जुवारी खोऱ्यातील इतर अनेक गावांत खाजन जमिनी आहेत. गोव्यात त्यांचे क्षेत्र सुमारे 18 हजार हेक्टर मानले जाते. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी नदीकाठच्या खारट दलदलीला माती, चिरे आणि झाडोरा यांचे बांध घातले व आत भातशेती उभी केली. बांधात ठिकठिकाणी बसविलेली मानस ही या रचनेचा प्राण होय. भरतीच्या वेळी नदीचे पाणी चढते, त्याचा दाब मानशीच्या लाकडी दारांवर पडतो आणि दारे मिटतात. खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला नदी उतरते, आतले पाणी दारांना बाहेर रेटते आणि शेतातील जादा पाणी वाहून जाते. येथे यंत्र नाही, इंधन नाही आणि पहारेकरीही नाही.

मानशीजवळ अर्धा दिवस काढणारे मूल भरती-ओहोटीचा पाठ जन्मात विसरणार नाही. एका भरतीनंतर सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तासांनी दुसरी भरती येते. त्यामुळे भरतीची वेळ दररोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी असतो. हे गणित गावातील मच्छीमाराला तोंडपाठ असते. पालकांनी निघण्यापूर्वी त्याला वेळ विचारावी आणि पाणी फिरण्याच्या सुमारास मानशीपाशी पोहोचावे.

येथे मुलांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बांधाची देखभाल पूर्वी गावकरी संस्था करीत असे. कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी शेतकऱ्यांच्या संघांवर आली. खेकड्यांची बिळे वेळीच बुजविली नाहीत, तर बांधाला लहानसे छिद्र पडते, पुढे त्याचे भगदाड होते आणि खारे पाणी शिरून शेत नापीक बनते. ज्या गावात बांध फुटून शेतात खारफुटी वाढलेली आहे, तेही मुलांना अवश्य दाखवावे. सामुदायिक कर्तव्याची हेळसांड झाली म्हणजे काय होते, याचा याहून स्पष्ट धडा पुस्तकात सापडणार नाही.

तांबडी सुर्लाचे मंदिर

सह्याद्रीच्या पायथ्याशी, भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात, पणजीपासून सुमारे 65 किलोमीटरवर तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिर आहे. कदंब राजवटीतील हे मंदिर 12व्या-13व्या शतकातील मानले जाते. गोव्यात सर्वत्र जांभा दगड आढळतो. हे मंदिर मात्र काळ्या बेसॉल्ट पाषाणाचे आहे. घराच्या भिंतीतील चिऱ्याला हात लावून निघालेल्या मुलाने येथील दगड पाहिला की दोहोंतील फरक त्याच्या आपोआप ध्यानात येतो. जांभा सच्छिद्र आणि खरबरीत असल्यामुळे त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. बेसॉल्ट कठीण आणि एकसंध असल्यामुळे त्यावर कोरलेली फुले आजही स्पष्ट दिसतात. हा जड पाषाण घाटाच्या बाजूने अरण्यात कसा आणला असेल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तराची घाई करू नये.

गर्भगृह, अंतराळ आणि स्तंभांचा मंडप अशी मंदिराची रचना आहे. मंडपाच्या छतावरील कमळ शोधून काढण्याचे काम लहान मुलांकडे द्यावे. थोरल्यांनी खांब मोजून वहीत आराखडा काढावा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील भागातून अनेक देवता सुरक्षित स्थळी हलविण्यात आल्या. कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळास आला, हे बहुतेक घरांत ठाऊक असते. तांबडी सुर्लाचे मंदिर दुर्गम अरण्यात असल्यामुळे वाचले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्या कुलदेवतेची कथा आजीने याच ठिकाणी सांगितली, तर इतिहास आणि घर यांचे नाते मुलाला उमगेल. म्हणून सहलीला वडीलधाऱ्यांना सोबत नेणे अगत्याचे आहे.

आग्वादचा किल्ला आणि पणसायमळची चित्रे

मांडवीच्या मुखावरील आग्वादचा किल्ला 1612 मध्ये बांधून पूर्ण झाला. पोर्तुगीज भाषेत 'आग्वा' म्हणजे पाणी. लांबच्या सफरीवरील जहाजे येथे गोडे पाणी भरून घेत, त्यावरून हे नाव पडले. किल्ल्यातील पाण्याचे प्रचंड टाके पाहिले की समुद्राच्या काठावरही माणसाला गोड्या पाण्यासाठी किती खटाटोप करावा लागतो, हे मुलांना कळते. तेथील जुना दीपस्तंभ 1864 मधील आहे. किल्ल्याच्या खालच्या भागातील कारागृहात गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातील अनेक सैनिकांनी बंदिवास भोगला. 18 जून 1946 रोजी मडगाव येथे नागरी स्वातंत्र्याची हाक देणाऱ्या डॉ. राममनोहर लोहियांनाही त्याच वर्षी पुन्हा अटक करून येथे ठेवण्यात आले होते. नूतनीकरणानंतर 2021 मध्ये हे स्थळ संग्रहालयाच्या रूपाने खुले झाले. 19 डिसेंबर 1961 या दिवसाचे मोल कोठडीच्या दारात उभे राहून समजावून देणे अधिक परिणामकारक ठरते.

सांगे तालुक्यात रिवण परिसरात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ, अर्थात पणसायमळ, हे स्थान आहे. जांभ्या कातळावर बैल, हरणे, मानवाकृती आणि चक्रव्यूहासारखी आकृती कोरलेली आहे. 1993 मध्ये ही चित्रे संशोधकांच्या निदर्शनास आली. पावसाळ्यात नदी फुगलेली असते, म्हणून कोरड्या दिवसांतच येथे जावे. चित्रांवर पाय देऊ नये. छायाचित्र ठळक यावे म्हणून रेषांत खडू किंवा रंग भरू नये. हजारो वर्षे टिकलेले काम एका दुपारच्या निष्काळजीपणाने झिजू शकते, हे मुलांना आधी सांगावे.

बेत कसा आखावा

एका दिवसात एकच मुख्य स्थळ निवडावे. चार-पाच ठिकाणे घाईने पाहिली की मुलांच्या लक्षात केवळ गाडीतील उकाडा राहतो. सकाळी लवकर निघावे, ऊन चढण्यापूर्वी चालण्याचा भाग उरकावा आणि दुपारी सावलीत विश्रांती घ्यावी. कदंब महामंडळाच्या बसगाड्यांच्या वेळा, विशेषतः परतीच्या गाडीची वेळ, आदल्या दिवशी विचारून ठेवावी. आठवड्याच्या सुटीच्या दिवशी काही स्थळे बंद असतात. त्याचीही चौकशी करावी.

प्रत्येक मुलाला वय पाहून एक काम द्यावे. एकाने भाड्याचा हिशेब ठेवावा, दुसऱ्याने पाहिलेल्या पक्ष्यांची नावे लिहावीत, धाकट्याने पडलेली पाने गोळा करावीत. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर 'आपण विचारून पाहू' असे म्हणून जवळच्या शेतकऱ्याकडे किंवा पुजाऱ्याकडे जावे. माहीतगार माणसाला नम्रतेने कसे विचारावे, हेही शिक्षणच आहे.

काही घरांत मुलगे सहलीला जातात आणि मुलगी धाकट्या भावंडासाठी घरी राहते. आईचा सारा दिवस डबे भरण्यात आणि वाढण्यात जातो. ही प्रथा सोडली पाहिजे. मुलगीही तेच पाहण्यास हक्काने येईल, आणि काम वाटून घेतल्यामुळे आईलाही झाडाखाली निवांत बसता येईल, तरच ती सहल कुटुंबाची म्हणता येईल.

पाण्याजवळ दक्षता

आनंदाच्या दिवसाचे दुःखात रूपांतर बहुधा पाण्याजवळ होते. पावसाळ्यात समुद्रात किंवा धबधब्याखाली उतरू नये. इतर दिवसांत समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक असतील तेथेच आणि त्यांच्या तांबड्या-पिवळ्या निशाणांच्या मध्येच जावे. तांबडे निशाण असेल तेथे पाऊलही घालू नये. लाटांच्या मध्येच पाण्याचा शांत दिसणारा पट्टा हा पुष्कळदा आत ओढणारा प्रवाह असतो. अशा प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झगडत न राहता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे. नदीतील आणि खाणीच्या खड्ड्यातील पाणी वरून स्थिर दिसले तरी एका पावलावर खोल होते. लहान मूल पाण्याजवळ असताना एका प्रौढाने हाताच्या अंतरावर राहावे आणि त्या वेळी भ्रमणध्वनी खिशात ठेवावा. 'सगळे लक्ष ठेवतात' याचा अर्थ पुष्कळदा कोणीच लक्ष ठेवीत नाही, असा होतो. म्हणून जबाबदारी नाव घेऊन वाटून द्यावी. बुडणाऱ्याच्या मागे उडी घेण्याऐवजी दोर, काठी किंवा रिकामा डबा टाकावा आणि 112 या क्रमांकावर मदत मागावी.

शाळा आणि पंचायत

ज्या पालकांना रोजंदारी बुडवून सहल काढणे परवडत नाही, त्यांच्या मुलांचा विचार शिक्षकांनी व पंचायतींनी करावा. आपल्याच गावातील बांध, झरा, देवराई किंवा जुना घाट यांची पायी सहल एका सकाळी होऊ शकते आणि तिला पैसा लागत नाही. गावातील वृद्ध शेतकरी किंवा कारागीर अशा वेळी मार्गदर्शक व्हावा. सुटीनंतर वर्गात प्रत्येक मुलाने पाहिलेल्या एका गोष्टीविषयी दहा ओळी लिहाव्यात आणि त्या वह्या शाळेत जपून ठेवाव्यात. दहा वर्षांनी त्याच वह्या गावाचा छोटासा इतिहास ठरतील.

येत्या सुटीत प्रत्येक कुटुंबाने निदान एक दिवस यासाठी राखून ठेवावा. बांधावरचे खेकड्याचे बीळ पाहून 'हे बुजवायला हवे' असे एखादे मूल म्हणाले, तर त्या दिवसाचे सार्थक झाले असे समजावे.