बर्गंडीचे द्राक्षमळे व वारसांची वाटणी

फ्रान्स देशाच्या पूर्व भागांत बर्गंडी नांवाचा प्रांत आहे. तेथील द्राक्षांचें मद्य जगांतील अत्यंत महाग मद्यांत गणलें जातें. मद्याच्या गुणदोषांशीं आपणांस येथें कर्तव्य नाहीं. ज्यांस ती वस्तु वर्ज्य आहे त्यांनींहि हा लेख निःशंकपणें वाचावा. विचार करावयाचा तो इतकाच कीं, जेथें जमिनीला सोन्याचा भाव आहे आणि सर्व मुलांमुलींस वांटा देणें कायद्यानें भाग आहे, तेथें घराण्याचा मळा घराण्यांत टिकतो कसा.

या प्रांतांतील उत्तम मळे कोत-दोर नांवाच्या टेकडीच्या उतारावर आहेत. उतार बहुतेक पूर्वाभिमुख, माती चुनखडीची. येथील शिवाराच्या प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र नांव असून त्यास ‘क्लिमा’ म्हणतात. असे १,२४७ तुकडे मोजलेले आहेत व २०१५ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. जुनें मोजमाप ‘उव्रे’ हें होय. एका माणसाच्या एका दिवसाच्या कामाचें क्षेत्र, म्हणजे सुमारें ४२८ चौरस मीटर. आपल्या हिशेबानें सव्वाचार गुंठे झाले. सरकारी दप्तरांतील ‘आर’ हें माप तर जवळजवळ आपल्या गुंठ्याएवढेंच आहे, त्यामुळें तेथील उतारे वाचणें आपणांस अवघड जाऊं नये.

वाटणीचा परिणाम पाहावयाचा तर क्लो द वूझो हा मळा घ्यावा. क्षेत्र सुमारें ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशें एकर. सभोंवार दगडी भिंत. सीतो येथील मठाच्या साधूंनीं बाराव्या शतकांत तो लावावयास आरंभ केला. राज्यक्रांतींत मठाची मालमत्ता सरकारजमा होऊन १७९१ सालीं तिचा लिलांव झाला, तरी पुढें जवळजवळ शंभर वर्षें मळा अखंडच राहिला. १८८९ सालीं तो फुटला. आज भिंत तीच आहे, परंतु आंत सुमारें ऐशीं मालक आहेत! सरासरी दीड एकर पडतें. कांहींच्या वांट्यास तर मोजक्या ओळीच आहेत. वरच्या अंगास माती उथळ व निचऱ्याची, खालीं रस्त्याकडे चिकण व ओलसर. सनदेंत दर्जा एकच, पण माल एक नव्हे. म्हणून जाणता गिऱ्हाईक मळ्याच्या नांवाबरोबर मालकाचेंहि नांव विचारतो.

याचें मूळ १८०४ च्या नेपोलियनच्या दिवाणी कायद्यांत आहे. त्यानें थोरल्याचा हक्क मानला नाहीं. बापास स्वेच्छेनें देतां येण्याजोगा भाग एक अपत्य असल्यास अर्धा, दोन असल्यास तिसरा, तीन किंवा अधिक असल्यास चवथा. बाकीचा सर्व अपत्यांत सारखा वाटावा लागतो. समजा, एकाची सहा हेक्टर जमीन आहे व तीन मुलें. मोकळा चवथा भाग त्यानें मळ्यांत राबणाऱ्या मुलास दिला, तरी त्यास तीन हेक्टर व इतर दोघांस दीड दीड हेक्टर मिळतें. तळघर, पिंपें, अवजारें मात्र सहा हेक्टरांच्या बेतानें उभारलेलीं! शिवाय सहा हेक्टरांचें शेत एके ठिकाणीं क्वचितच असतें. लग्नसंबंधांनीं व वाटण्यांनीं तें तीनचार गांवांत दहापंधरा तुकड्यांनीं विखुरलेलें असतें. याचा एक फायदा मात्र आहे, तो आपल्याकडील गारपीट सोसलेल्या बागाइतदारास चटकन् पटेल: एका गांवीं गारा पडल्या तरी दुसऱ्या गांवचें पीक वांचतें.

आपल्याकडे १९४७ सालीं मुंबई सरकारनें तुकडेबंदीचा कायदा केला. बर्गंडीच्या कुटुंबांनीं निराळी वाट धरली. १९७० च्या कायद्यानें कुटुंबास आपली शेतजमीन एका मंडळीच्या नांवें करितां येते. मग वाटणी जमिनीची न होतां मंडळीच्या हिश्शांची होते. खातें एकच राहतें. मंडळी ती जमीन राबणाऱ्या मुलास किंवा मुलीस अठरा वर्षें वा अधिक मुदतीच्या पट्ट्यानें देते, खंड भावंडांस हिश्शाप्रमाणें मिळतो, आणि अशा लांब मुदतीच्या पट्ट्यामुळें वारसाकरांतहि मोठी सूट मिळते. ही सूट क्षुल्लक समजूं नये. हा कर उत्पन्नावर नसून बाजारभावावर बसतो. अपत्यांसाठीं त्याचा दर चढत चढत शेंकडा ४५ पर्यंत जातो. अव्वल दर्जाच्या मळ्याचा भाव हेक्टरी कित्येक दशलक्ष युरो आहे. पिकाच्या उत्पन्नांतून तो कर भरणें अथवा भावंडांचे वांटे विकत घेणें कष्टकऱ्यास शक्य नसतें.

तथापि या व्यवस्थेंतहि एक कच्चा दुवा आहे, आणि माझ्या मतें तोच सर्वांत मोठा. हिश्शाची किंमत अफाट, पण त्यावर येणारा खंड अल्प. शहरांत राहणारी बहीण भावाखातर तें चालवून घेते. तिचीं नातवंडें कां चालवून घेतील? त्यांनीं मळा पाहिलेलाहि नसतो, आणि धनिक गिऱ्हाईक तर दारांत उभें असतें. क्लो द लांब्रे २०१४ सालीं अशाच एका मोठ्या उद्योगसमूहानें घेतला. शेजारचा क्लो द तार हा साडेसात हेक्टरांचा मळा ११४१ पासून कधींच फुटला नव्हता: प्रथम जोगिणींचा मठ, १७९१ पासून एक घराणें, १९३२ पासून दुसरें. तोहि २०१७ सालीं एका धनाढ्याच्या कंपनीकडे गेला. मळा अखंड राहिला, घराणें गेलें.

म्हणून तेथील सावध कुटुंबें मृत्यूची वाट पाहत बसत नाहींत. मायबाप हयात असतांनाच नोटरीसमोर बक्षिसपत्र करून हिस्से थोडथोडे मुलांच्या नांवें करितात व उत्पन्नाचा हक्क तहहयात स्वतःकडे ठेवितात. प्रत्येक पालकाकडून प्रत्येक अपत्यास दर पंधरा वर्षांस १,००,००० युरोंपर्यंतची देणगी करमुक्त असल्यामुळें, चाळिशींत आरंभ केलेल्यास ही संधि दोनतीनदां मिळते. सत्तरींत जागा झालेल्यास बहुधा एकदांच.