जपाबद्दल थोडं

चि. बबडीस,

योगवर्गाच्या शेवटी सगळ्यांबरोबर ओंकार म्हणतेस, पण त्यानं नेमकं होतं काय, असं तू विचारलंस. फोनवर घाईघाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

पतंजलींनी ओंकार आणला तो योगसूत्रांच्या समाधिपादात, ईश्वरप्रणिधान सांगताना. क्लेश आणि कर्म ज्याला शिवत नाहीत तो ईश्वर, प्रणव म्हणजे ओंकार त्याचा वाचक, असं सांगून झाल्यावर २८व्या सूत्रात साधना येते: त्याचा जप करावा आणि त्याच्या अर्थाची भावना करावी. दोन्ही एका दमात सांगितलं आहे. वर्गात बहुतेक वेळा पहिलंच तेवढं होतं, म्हणून तुला कोरडं वाटतं. भावना करायची म्हणजे डोळ्यांपुढे चित्र आणायचं नाही. राग, हेवा, धास्ती यांचा ज्याला कधी स्पर्श झाला नाही असं काही आहे आणि आपण त्याच्यासमोर बसलो आहोत, एवढं मनात धरून उच्चार करायचा. मला स्वतःला जपाचा सगळा जीव यातच आहे असं वाटतं.

आता उच्चाराचं. पाठ ताठ ठेव, खांदे सैल सोड. श्वास पोटापर्यंत भरून घे. 'अ' तोंड उघडून, मग ओठ गोल होत 'उ', आणि ओठ मिटले की 'म'. हा मकार लांबव. नाकाच्या मुळाशी, गालांच्या हाडांत गुंजन जाणवेल. आवाज ओढूनताणून वाढवू नकोस. गुंजन विरलं की लगेच पुढचा श्वास घेऊ नकोस, क्षणभर थांब. मांडूक्य उपनिषदात अ, उ, म या मात्रा जागृती, स्वप्न आणि सुषुप्तीशी, म्हणजे गाढ झोपेशी, जोडल्या आहेत. चौथी अवस्था मात्रेपलीकडची. गुंजनानंतरचा विराम ही तिची जागा, ती घाईत हरवते.

आठवडाभर असं मोठ्यानं म्हण. मग उपांशू, म्हणजे ओठ हलतील पण शेजारच्याला ऐकू जाणार नाही असं. मानस जप सगळ्यांत श्रेष्ठ मानतात, पण एकदम तिथे उडी मारलीस तर डुलकी लागेल!

मन भरकटेल. पतंजलींनी नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, सांगितले आहेत, त्यांत आळस आहे, संशयही आहे. म्हणजे हे तुझ्या एकटीचं दुखणं नाही. ध्यानात आलं की जपमाळेच्या त्याच मण्यापासून पुन्हा सुरू कर, स्वतःला रागावू नकोस.

तुझ्या डॉक्टर मैत्रिणीला पुरावा हवा असेल तर सांग, २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांकडून 'ॐ मणि पद्मे ॐ' आणि लॅटिनमधली मेरीची प्रार्थना म्हणून घेतली, तेव्हा दोन्हींमुळे श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. शांत वाटण्यामागे हे कारण असू शकतं. पण तेवढ्यासाठीच जप करायचा असेल तर मंत्र कशाला, नुसता श्वास मोजूनही भागेल.

मोबाइलवरचं मोजणीचं ॲप काढून टाक. त्यातला आकडा वाढवायची हाव लागते. १०८ मण्यांची साधी तुळशीची माळ वापर. ती मधल्या बोटावर धरून अंगठ्यानं मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळ जिथे जुळते तिथला वेगळा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवून उलट यायचं. एक माळ पुरे, पण रोज, शक्यतो एकाच वेळी. प्रवासात असलीस तर गाडीत बसून मनातल्या मनात कर, चालेल.

माळ इथून पाठवते आहे, आईकडून घे.

तुझी,
आत्या