दंतमूलनलिकेतील जंतुनाशके : एक तौलनिक विचार

मराठीत दात ‘किडतो’. सुश्रुतसंहितेतील ‘कृमिदंतक’ या संज्ञेतही हाच कृमी आहे. दातात अळी नसते, जंतू मात्र असतात. १९६५ मध्ये काकेहाशी प्रभृतींनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, जंतुविरहित प्राण्यांत दंतमज्जा उघडी पडूनही नासत नाही. तेव्हा मूलनलिकेचा उपचार म्हणजे मुख्यतः जंतूंचे निर्मूलन होय. दोन भेटींच्या मधल्या काळात नलिकेत कोणते औषध ठेवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कापूरयुक्त पॅराक्लोरोफेनॉल (१८९१) व फॉर्मोक्रेसॉल (१९०४) ही जुनी द्रव्ये जहाल खरी. परंतु ती ऊतींनाही जाळतात. १९२० मध्ये हर्मान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुचविले. रासायनिक दृष्ट्या हा विरविलेला चुनाच. त्याचा सामू सुमारे १२.५ असून त्या क्षारतेत बहुतेक जंतू मरतात. मात्र त्यास अवधी लागतो. १९८५ मध्ये बिस्ट्रम प्रभृतींनी केलेल्या तुलनेत, महिनाभर हे द्रव्य ठेवलेले जवळजवळ सर्व दात जंतुमुक्त झाले. फेनॉलवर्गीय द्रव्यांत सुमारे एकतृतीयांश दातांत जंतू उरले.

तथापि दंतिन ही क्षारता शोषून घेते, आणि एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा चिवट जंतू तीत तग धरतो. त्याच्यावर २ टक्के क्लोरहेक्सिडीन अधिक प्रभावी ठरते. पण ते मृत ऊती विरघळवीत नाही. होशिनो प्रभृतींनी १९९६ मध्ये अभ्यासलेल्या त्रिविध प्रतिजैविक मिश्रणाचा प्रभाव मोठा आहे. परंतु त्यातील मिनोसायक्लिनने दात काळवंडतो. सारांश, सर्वगुणसंपन्न द्रव्य एकही नाही. जंतूंचा मोठा भाग निघतो तो नलिका घासून सोडियम हायपोक्लोराइटने धुतल्यामुळे. औषध हे त्याचे साहाय्यक होय.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. रायपूरमधील गुढियारीसारख्या वस्तीत हिंदी, छत्तीसगढी आणि भोसल्यांच्या अमलापासून त्या प्रदेशात आलेली मराठी शेजारी नांदतात. ‘दात भरला’ असे ऐकणाऱ्यास उपचार संपला असे वाटणे स्वाभाविक आहे. दुखणे थांबते, रुग्ण परतत नाही; तात्पुरते भरण झिजते व जंतू पुन्हा आत शिरतात. ‘भरणे’ या क्रियापदात पूर्णता आहे, ‘ठेवणे’ यात पुन्हा काढण्याची अपेक्षा. म्हणून ‘औषध ठेवले आहे’ असेच म्हणावे. योग्य क्रियापदाने एखादा दात वाचू शकतो.