एकट्याने करावयाचे पक्षिनिरीक्षण

शाळेतील मुलांस पक्षी दाखवावयास आम्ही पूर्वी वर्षातून दोनदा तरी नेत असू. चाळीस मुले, दोन शिक्षक, डबे, पाण्याच्या बाटल्या, असा हा संघ कापूरवाडीच्या तलावाकडे निघाला म्हणजे तेथील पक्ष्यांस आमची वार्ता अर्धा मैल आधीच पोहोचत असे. आम्ही काठावर येईपर्यंत बदके पलीकडच्या तीराला लागलेली, बगळे उडालेले, आणि मुलांच्या वाट्याला कावळे, घारी व साळुंक्या एवढेच उरलेले. परत आल्यावर निबंधात मात्र बहुतेकांनी मोर व पोपट पाहिलेले असत! ह्या गोष्टीचे आम्हांस त्या वेळी हसू येई. पुढे आमच्याच वहीत असाच एक मोर शिरला, तेव्हा हसू आले नाही. ती हकीकत यथाक्रम येईल.

सन २०२० च्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या व त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. आरंभीचे दोन महिने आमचे निरीक्षण गच्चीपुरतेच होते. बुलबुल, शिंपी, होला, संध्याकाळी पिंगळा. ह्यापलीकडे गच्चीने आम्हांस फारसे दिले नाही. जून महिन्यात पहाटे एकट्याने फिरावयास मोकळीक मिळाली. मात्र घोळका करावयाचा नाही व कोणाच्या जवळ जावयाचे नाही, हा निर्बंध कायम होता. आम्ही दुर्बीण, वही व पाण्याची बाटली घेऊन नगरच्या पूर्वेकडील माळाकडे निघालो. चांदबीबीचा महाल म्हणून लोक ज्यास ओळखतात, ती वस्तुतः सलाबतखानाची कबर. तिच्या डोंगराच्या पायथ्यालगतचा तो माळ होय. माणसांपासून दूर राहण्याची जी सक्ती झाली होती, तीच पक्षी पाहण्याची पहिली अट आहे, हे आम्हांस तेथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात समजले.

आपल्या जिल्ह्याची घडण अशी की, पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्री पावसाने झोडपून निघतो, आणि त्याच डोंगराच्या आडोशामुळे पूर्वेकडच्या तालुक्यांस पाऊस बेताचाच मिळतो. म्हणून येथे दाट अरण्य नाही. कुसळी गवत, बोरी, बाभळी आणि उघडा खडक आहे. पुष्कळांस असा माळ म्हणजे ओसाड जमीन वाटते. परंतु धाविक, चंडोल, माळटिटवी, तित्तीर, हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारे भोवत्या ससाणे, ह्या सर्वांचे घर तेच. माळढोकासाठी १९७९ साली जे अभयारण्य जाहीर झाले, त्यात सोलापुराबरोबर आपल्या जिल्ह्यातील कर्जत व श्रीगोंदे ह्या तालुक्यांतील मुलूखही होता. आणि कर्जतजवळचे रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य १९८० सालचे. झाडाचा आडोसा नसलेल्या अशा मुलुखात पक्ष्याला माणूस दुरूनच दिसतो, आणि दोन माणसे बोलत चालली असली तर त्यांचे शब्दही पोहोचतात. एकटा मनुष्य, मातकट रंगाचे कपडे घालून, बाभळीच्या बुंध्याशी पाव तास हालचाल न करता बसला, तर मात्र माळ हळूहळू पुन्हा सुरू होतो. प्रथम चंडोल बोलतो. मग खाटीक आपल्या नेहमीच्या काटकीवर परत येतो. त्यानंतर धाविक, ज्याची चाहूलही नव्हती, तो पन्नास पावलांवर चार पावले पळून थांबतो, पुन्हा पळतो, पुन्हा थांबतो. तो तेथे आधीपासूनच होता. आम्हांस दिसत नव्हता इतकेच.

ही विद्या आपल्या जिल्ह्यास नवी नव्हे. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक (१८२२–१८९८) हे १८४६ साली ह्या देशात आले व नेवासे तालुक्यातील वडाळा येथे त्यांनी पुष्कळ वर्षे काढली. आपले नेमलेले काम सांभाळून त्यांनी पक्ष्यांचा व गोगलगाईंचा अभ्यास केला. अॅलन ह्यूम हे 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्षिविषयक नियतकालिक चालवीत असत. तेच ह्यूमसाहेब पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत अग्रेसर होते. त्या नियतकालिकात फेअरबँकांचे लेख छापले गेले. दक्षिणेतील पळणीच्या डोंगरातील एका पक्ष्याला ब्लॅनफोर्ड ह्या शास्त्रज्ञाने त्यांचे नाव दिले, व आजही त्याच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' हे पद आहे. वडाळ्यावरून आज संभाजीनगरकडे मोटारी धावतात. त्यांतील किती जणांस ही गोष्ट ठाऊक असेल कोण जाणे!

त्या काळी पक्ष्याची ओळख पटवावयाची म्हणजे बहुधा तो बंदुकीने पाडून हातात घ्यावयाचा, असा प्रघात होता. पुढे जगप्रसिद्ध झालेले सालिम अली (१८९६–१९८७) ह्यांचा ह्या विद्येशी पहिला परिचयही लहानपणी मारलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासूनच झाला. परंतु त्यांचे नाव ज्या कामामुळे पुढे आले, ते काम बंदुकीचे नव्हते. सन १९३० मध्ये हाताला नोकरी नसताना ते अलिबागेजवळ किहीम येथे राहिले होते. तेथे सुगरणींची वसाहत होती. ते महिनोन्महिने त्या वसाहतीवर नजर ठेवून बसले, आणि तोपर्यंत कोणी नीट न सांगितलेली गोष्ट त्यांनी पाहिली. नर अनेक घरटी अर्धवट विणून ठेवतो. माद्या येऊन ती पारखतात. एखादीने घर पसंत केले म्हणजे तो ते पुरे करतो आणि मग दुसरीसाठी दुसऱ्या घरट्याकडे वळतो. हे पाहण्यास बुद्धी लागतेच, पण त्याहूनही रिकामा वेळ व एके ठिकाणी टिकून राहणे लागते. संघाने गेलेल्या मंडळींस दहा वाजता न्याहारीची आठवण होते.

आता अंतराविषयी. पक्ष्यापासून किती दूर राहावे, असे मुले विचारतात व उत्तर पावलांत मागतात. तसे उत्तर देता येत नाही. ज्या पक्ष्यास आपण पाहतो त्यानेच ते ठरवावयाचे असते. टिपत असलेला पक्षी टिपणे थांबवून मान वर करील, तर आपण एक पाऊल अधिक टाकले असे समजावे. तो चालू लागला तर दोन. उडाला तर आपले निरीक्षण संपले. मान वर झाली की तेथेच खाली बसावे, किंवा सरळ मागे फिरावे. सूर्य पाठीशी असावा, म्हणजे रंग खरे दिसतात. घरी कोणत्या बाजूस जातो हे सांगून निघावे, गवतात पाय टाकण्यापूर्वी काठीने चाचपावे, कारण घोणस व फुरसे ह्यांनाही माळच आवडतो. आणि वीज चमकू लागली तर एकाकी झाडाखाली उभे राहू नये. एकटे जाणाऱ्याने एवढे पथ्य पाळावेच.

हे अंतर न पाळल्याने काय होते, ते आम्हांस एका मेंढपाळाने शिकविले. जून महिना होता. ढवळपुरीकडचा तो गृहस्थ मेंढरे घेऊन माळावर उतरला होता. आम्ही दुर्बीण लावून एका टिटवीच्या मागे चाललो होतो, आणि ती डोक्यावर घिरट्या घालून कर्कश ओरडत होती. एवढ्यात वीस-पंचवीस पावलांवरून हाक आली, "मास्तर, फुडं जाऊ नका! अंडी हायेत तिची. उन्हानं उकडून जातील!" आम्ही जागच्या जागी थांबलो. पायांपासून चार हातांवर, खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची चार अंडी उघड्यावर पडलेली होती. आम्ही मागे सरलो. त्याने तोंडावर पंचा ओढला, आम्ही मुखपट्टी सावरली, आणि मधली जागा तशीच ठेवून पुष्कळ वेळ बोललो. इतके दूर राहून इतके मोकळे बोलणे त्या दिवसांत दुसऱ्या कोणाशी झाले नव्हते.

तो म्हणाला ते अक्षरशः खरे आहे. टिटवी घरटे बांधीत नाही. जमिनीवर किंचित खळगा, झाले. इतर पक्षी अंडी उबवितात; पण कडक उन्हात टिटवीला अंडी निववावी लागतात. ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते व त्या ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते, किंवा नुसती उभी राहून सावली धरते. आपण तेथे चित्र काढीत अर्धा तास उभे राहिलो, तर तो अर्धा तास ती सावली नसते. आपण टिटवीच्या अंगाला हात लावीत नाही, दगड मारीत नाही. तरीही आपले नुसते उभे राहणे तिच्या पिलांच्या जिवावर बेतते. आजकाल घरट्याजवळ कॅमेरे घेऊन जाण्याची जी हौस वाढली आहे, तिच्याविषयी आमचे मत कठोर आहे, आणि ते येथे मवाळ करण्याचा आमचा विचार नाही.

आता आमच्या वहीतील मोर. ऑगस्ट महिन्यात, उजाडल्यावर थोड्याच वेळाने, आम्ही माळाच्या उताराशी बसलो होतो. समोर सूर्य. दुर्बिणीच्या काचांवर बाफ धरलेली, म्हणून ती गळ्यात तशीच लोंबत होती. गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उसळला, पंखावर पांढरे चमकले, आणि तो पुन्हा गवतात बुडाला. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. आमची छाती धडधडू लागली. तणमोर! माळढोकाच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी, कोंबडीएवढा. पावसाळ्यात नर काळा होतो, पंखावर पांढरा पट्टा मिरवतो, आणि मादीला दिसावे म्हणून दिवसातून शेकडो वेळा गवताच्या वर उसळी घेतो. आता तो इतका विरळ झाला आहे की २०२१ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. आम्ही वहीत लिहिले : 'तणमोर, नर, एक. अंतर सुमारे ३०० पावले.' घरी येऊन ती नोंद जगभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या 'ई-बर्ड' ह्या संकेतस्थळावरही चढविली. आणि दुसऱ्या दिवशी, भ्रमणध्वनीवर भरणाऱ्या वर्गात, नववीच्या मुलांस आम्ही हे सर्व मोठ्या उत्साहाने सांगितले.

सर्वांनी आनंद व्यक्त केला. पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यातील मुलगा, जो वर्ग चालू असता शेळ्याही राखीत असे, तेवढा गप्प होता. शेवटी त्याने विचारले, "सर, ३०० पावलं कशावरून धरलीत? तिथं झाड होतं का?"

झाड नव्हते. आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते काय होते हे लिहिण्याजोगे नाही. परंतु त्या रात्री तो प्रश्न मनातून जाईना. उघड्या माळावर मापाला काही नसते. पक्षी दूर आहे असे धरले की तो मोठा वाटतो, जवळ आहे असे धरले की लहान. आम्हांस तणमोर हवा होता, म्हणून आम्ही त्यास दूर ठेवला होता. सोबत दुसरे कोणी असते तर "अहो, ते जवळच आहे" असे म्हणाले असते. एकट्या निरीक्षकाला हे म्हणणारे कोणी नसते. संकेतस्थळाच्या परीक्षकांनीही तपशील मागितला होताच : आकार कशाशी ताडून पाहिला? मुलाचाच प्रश्न, निराळ्या शब्दांत.

तीन दिवसांनी आम्ही त्याच जागी, सूर्य पाठीशी येईल असे बसलो, व काचा आधीच पुसून ठेवल्या. साडेसातच्या सुमारास गवतातील एका वाळक्या खुंटावर कवड्या गप्पीदास येऊन बसला. चिमणीएवढा, काळा, पंखावर पांढरा ठिपका. तो किड्यासाठी वर उसळला, पांढरे चमकले, आणि गवतात बुडाला. आम्ही उठून पहिल्या दिवसाच्या जागेपासून खुंटापर्यंत पावले मोजली. ८४ भरली.

संकेतस्थळावरील नोंद आम्ही त्याच दिवशी काढून घेतली. वहीतील ओळीवर एक रेघ मारली, पण खालची अक्षरे वाचता येतील अशी, आणि शेजारी लिहिले : 'कवड्या गप्पीदास. ८४ पावले, मोजून.' वर्गापुढे हे सांगणे त्याहून जड गेले. मुले हसली नाहीत. एकदोघांस तर वाईट वाटले, कारण तणमोर त्यांच्या जिल्ह्यात असावा असे त्यांनाही वाटत होते. शेळ्या राखणाऱ्या मुलाने एवढेच विचारले की गप्पीदासाचे घरटे कोठे असते.

त्या वर्षीच्या नाताळच्या सुटीत त्याने आपल्या वहीची पाने आम्हांस छायाचित्रे काढून पाठविली. एकट्याने, शेळ्यांमागे हिंडता हिंडता, पाच महिन्यांत एकतीस जाती. प्रत्येक नावापुढे अंतर, आणि अंतरापुढे ते कशाशी ताडले ते : बांध, विहीर, विजेचा खांब. शेवटची नोंद अशी होती : 'तपकिरी, लहान, शेपटी हलवतो. बांधापासून वीस पावलं. ओळखू आला नाही.'