जुना राऊटर कामाला लावा

आमचे घर जुने. भिंती दगडाच्या, हातभर जाड. नेटचा राऊटर ओटीवर. त्याच्या लहरी माजघरापलीकडे पोचत नाहीत. नात मागच्या खोलीत मोबाईलवर धडा ऐके. आवाज तुटे. पोर रडकुंडीला येई. कपाटात एक जुना राऊटर पडून होता. तो काढला.

त्याला वीज जोडली. बारीक छिद्रातले बटण टाचणीने दहा सेकंद दाबले. जुनी मांडणी पुसली गेली. मग मोबाईल त्याच्या वायफायला जोडला आणि राऊटरच्या पाठीवर छापलेला पत्ता उघडला. परवलीचा शब्द नवा घातला. कुलूप डब्ल्यूपीए-२ निवडले. ज्यात ही सोय नसेल तो राऊटर वापरू नये.

आता महत्त्वाचे. घराला घरनंबर असतो, तसा नेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. ते पत्ते नवा राऊटर वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. जुन्यातले वाटप बंद करावेच लागते. आम्ही पहिल्यांदा ते विसरलो. एका गावात दोन तलाठी झाले म्हणा ना! घरभर नेट बसले. सूनबाईंचा नोकरीचा अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस. बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मग वाटप बंद केले. नव्याचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, म्हणून जुन्याला १९२.१६८.१.२ दिला. नव्याच्या लॅन भोकातून जुन्याच्या लॅन भोकात तार घातली. वॅनचे भोक मोकळे ठेवले. अशी तार शंभर मीटरपर्यंत चालते. आम्हांला पंधरा पुरली.

अर्ज रात्री साडेदहाला गेला.