शेजारणीशी इंग्रजीत कसं बोलू?

प्रश्न : मी पंचेचाळीस वर्षांची, मराठी माध्यमात शिकलेली. खराडीत ईऑन आयटी पार्कजवळ राहते. शेजारी तमिळ, बंगाली, बोलणं इंग्रजीत. परवा पार्किंगवरून ‘रिमूव्ह युवर कार’ म्हणाले, तर शेजारीण अबोला धरून बसली. क्लास लावू का?

उत्तर : क्लास जरूर लावा, पण आधी ते वाक्य बघू. ‘गाडी काढा’ म्हणताना आपला आदर क्रियापदातच असतो. इंग्रजी क्रियापदात ती सोय नाही, त्यामुळे तुमची विनंती हुकूम झाली. त्याऐवजी ‘कुड यू मूव्ह युवर कार, प्लीज? आय कान्ट गेट आउट’ असं विचारा. स्वतःची अडचण सांगितली की बोलण्याला आरोपाची धार राहत नाही. रात्री टीव्हीचा त्रास झाला तरी हेच : ‘आय कान्ट स्लीप. कुड यू टर्न इट डाउन?’

कमीपणा मात्र अजिबात मानू नका. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तुमच्या पिढीला ते पाचवीत भेटलं, तेही धडे आणि व्याकरणापुरतं. रुसवा काढायचं इंग्रजी तुम्हाला कुणी शिकवलंच नाही.

आजच तिच्याकडे जा. ‘सॉरी, आय डिडन्ट मीन टु बी रूड’ एवढं पुरे. पुढे लिफ्टमध्ये रोज एखादा प्रश्न विचारा, उत्तर नीट ऐका, त्यातलं एक वाक्य वहीत टिपा. तिनेही इंग्रजी शिकूनच मिळवलंय. भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं मराठी तिला हवं असेल, तर ते तुम्ही शिकवा.