तो लाल कोंबडा विकू नकोस

अगं, परवा मुरुडला तुझ्या अंगणात बसले होते तेव्हाच बोलणार होते, पण चारचौघींत नको म्हणून गप्प राहिले. तुझी पिलं मरतात ती कुणाची दृष्ट लागून नव्हे. आधी तुझा कोंबडा बघ.

आखाडात गिऱ्हाईक दारात आलं की सगळ्यात थोराड कोंबडा तू देऊन टाकतेस. मागं उरतो तो किरटा, आणि वर्षभर साऱ्या खुराड्याचा बाप तोच. तोही त्याच कोंबड्यांच्या पोटचा! जवळच्या नात्यात जुळलं की अंडी कमी फळतात, निघालेली पिलंही दुबळी. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. रवणीला बारा अंडी ठेवायची, चार पिलं निघायची आणि बोल त्या बिचाऱ्या कोंबडीला लावायचे.

आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तो लांबच्या गावातल्या ओळखीच्या घरून आण, तुझा त्यांना दे. रवणीला अंडी ठेवशील ती चांगल्या कोंबडीची, आठवड्याच्या आतली. सातव्या रात्री बॅटरीवर धर. शिरा दिसल्या तर ठेव, नुसता उजेड दिसला तर काढून टाक.

गिरिराज, वनराज घ्यायच्या तर घे, अंडी जास्त देतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. उबवायला गावरान लागतेच.

पिलांचं खाणं मात्र वेगळं ठेव. डालगं विटांवर थोडं उचलून आत ज्वारी-मक्याच्या कण्या आणि भाजून भरडलेलं सोयाबीन ठेव. पिलं आत शिरतात, मोठ्या कोंबड्या बाहेर राहतात. कच्चं सोयाबीन नको, त्यानं वाढ खुंटते. बुरशी धरलेलं धान्य तर कोंबड्यांपुढं कधीच टाकू नकोस, ते विषच. मोठ्यांना संध्याकाळी मूठमूठ दाणे घाल, म्हणजे वेळेवर खुराड्यात येतील.

मानमोडीसाठी पहिल्या आठवड्यातच लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात. बाटली शंभरेक पिलांची असते आणि एकदा कालवली की ठेवता येत नाही. म्हणून गल्लीतल्या चौघींनी रवण्या एकाच वेळी बसवा, बाटली बर्फात घालून आणा. आणि एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर झाकू नका, विकू नका. सरळ जनावरांच्या दवाखान्यात कळवा. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, अहमदपूरकडच्या केंद्रेवाडीला बर्ड फ्लू निघाला होता, आठवतंय ना?

येत्या आखाडात तुझ्या त्या थोराड लाल कोंबड्याला कोण किती देतंय ते मला फोनवर सांग. तेवढे पैसे मी पाठवते, पण तो अदलाबदलीसाठी राहू दे.